शंकासुर आणि घरातली माणसे : 12 वर्षांच्या मुलीच्या मंत्रचळाचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका विशिष्ट मुलीचे नाही. मुलांच्या मंत्रचळावर, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन ते शमवण्यासाठी तीच ती कृती (विधी) करावी लागणाऱ्या ओसीडी या आजारावर, उपचार करताना वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाच्या रूपात गुंफून ते अभ्यासासाठी रचले आहे. संशोधनाचे आणि औषधांचे तपशील मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत. मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी सहृदयतेने वागावे, याबद्दल कोणाचे दुमत नसते. पण भीतीने थरथरणारे मूल जे मागते ते त्याला द्यावे, की ते न देता त्याच्याजवळ बसून राहावे, हा पेच मंत्रचळ असलेल्या मुलाच्या घरात रोज रात्री प्रत्यक्ष उभा राहतो, आणि त्या वेळी सहृदयता या गुणाची नुसती जाण असून भागत नाही. या मांडणीचा रोख त्याच पेचावर आहे.

तीन तक्रारी

मुलगी 12 वर्षांची. घरात आई, वडील, वडिलांची आई आणि मुलीचा 4 वर्षांचा भाऊ. आईने पहिल्या भेटीत मांडलेली तक्रार झोपेपुरती होती: मुलगी रात्री लवकर झोपत नाही, तेच तेच प्रश्न विचारते आणि उत्तर देऊनही तिचे समाधान होत नाही. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते मुलगी लाडावली होती, आईला नाचवत होती, आणि वेळीच सज्जड दम दिला असता तर हे केव्हाच थांबले असते. दम त्यांनी दिलाही होता. त्यानंतर प्रश्न थांबले नाहीत, फक्त वडील घरात असताना मुलगी ते कुजबुजत विचारू लागली. शाळेची तक्रार तिसरीच होती. भूमितीच्या तासाला ती कंपासपेटी आणत नव्हती, हस्तकलेच्या तासाला कात्रीला हात लावत नव्हती, आणि निष्काळजीपणा म्हणून तिचे गुण कापले जात होते. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण मूळ गोष्ट मुलीने कोणालाच सांगितलेली नव्हती.

अशा वेळी घरात नेमके काय घडते हे बारकाईने विचारणे उपयोगी पडते. किती वाजता सुरू होते, कोण कुठे बसलेले असते, पहिले वाक्य कोणाचे, शेवट कशाने होतो, असे एकेक विचारत गेल्यावर आईने रात्रीचा सगळा प्रसंग उलगडून सांगितला. दिवा मालवला की मुलगी विचारायची, "आई, आज माझ्याकडून बाळाला काही झालं नाही ना?" आईने "नाही" म्हणायचे. मग "नक्की?" आणि त्यावर "नक्की". मग दिवसभरात ती भावाच्या जवळून किती वेळा गेली, त्या वेळी तिच्या हातात काय होते, हे आईने आठवून सांगायचे. आईचा आवाज सपाट लागला, तिला जांभई आली किंवा उत्तर देताना तिची नजर दुसरीकडे वळली, तर सगळे पहिल्यापासून. मधेच उठून आईने भावाचा श्वास नीट चालला आहे हे पाहून यायचे आणि तसे सांगायचे. सुरुवातीला दोन-चार मिनिटांत आटोपणारा हा प्रकार 8 महिन्यांत दीड तासावर गेला होता. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आईने वरच्या फडताळात ठेवल्या होत्या, कारण त्या दिसल्या की मुलगी आत पाऊल टाकत नसे. "एवढं केलं की ती शांत होते हो," असे आई म्हणाली, आणि ते खरेही होते. ती शांत होत असे, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत.

मधल्या काळात एका समुपदेशकाचा सल्ला घेण्यात आला होता. धाकट्या भावाविषयी मत्सर असावा असा अंदाज बांधून त्यांनी दोघा भावंडांना एकटे सोडू नका असे सुचवले होते. सल्ला देणाऱ्याचा हेतू सावधगिरीचा होता, यात शंका नाही. पण मुलीने त्यातून काढलेला अर्थ असा, की आपण धोकादायक आहोत हे आता मोठ्यांनाही कळले आहे.

मुलगी एकटी असताना

मुलांशी एकट्याने बोलण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगावी लागते: तू सांगशील ते तुला विचारल्याशिवाय घरी सांगणार नाही, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर मोठ्यांना सांगावे लागेल. हे वाक्य आवश्यक आहे आणि ते गाळता येत नाही. पण ज्या मुलीची सगळी भीतीच "माझ्यापासून कोणाला तरी धोका आहे" अशी आहे, तिला हेच वाक्य ऐकून तोंडाला कुलूप लावावेसे वाटते. पहिल्या भेटीत ती गप्प राहिली त्याचे हे एक कारण होते. म्हणून दुसऱ्या भेटीत तिला बोलते करण्याचा प्रयत्न न करता आधी काही माहिती देण्यात आली. मनात नको ते विचार, नको ती चित्रे अचानक उमटणे ही माणसाच्या मनाची सर्वसाधारण गोष्ट आहे. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी असे विचार येत असल्याचे सांगितले होते, आणि त्यांतले कितीतरी विचार आजारी माणसांच्या विचारांसारखेच होते. फरक पडतो तो विचाराला आपण काय मानतो यात. बहुतेकांच्या मनातून तो "काहीतरीच" म्हणून निघून जातो. मंत्रचळात माणूस त्या विचाराला पुरावा मानतो.

त्यानंतर मुलांच्या मंत्रचळासाठी वापरल्या जाणाऱ्या सी-वायबॉक्स या मोजपट्टीतली लक्षणांची यादी तिच्यापुढे ठेवली आणि बोलू नकोस, लागू पडेल तिथे नुसते बोट ठेव, असे सांगितले. दुसऱ्याला इजा होईल अशी भीती, मनात येणारी हिंसक चित्रे, आपल्या हातून नकळत काही घडेल अशी धास्ती, या ओळींवर बोट थांबले. ही यादी कोणीतरी आधीच छापून ठेवलेली आहे, म्हणजे असे असणारी आपण पहिली नाही, हे तिच्या लक्षात आले तेव्हा ती बोलू लागली. तिच्या मनात वारंवार एकच चित्र येत होते: टोकदार वस्तू हातात आहे आणि भाऊ समोर आहे. "मला तो खूप आवडतो. मग असलं मनात येतंच कसं?" असे तिने विचारले.

या प्रश्नातच निदानाचा मोठा भाग आहे. मंत्रचळाला माणसाला जे सर्वांत प्रिय असते तेच धरता येते. ज्याची पर्वा नाही त्याबद्दल एवढी भीती वाटत नाही. तरीही "हा मंत्रचळच आहे" असे घाईने म्हणून धोक्याची तपासणी टाळणे योग्य नव्हे. म्हणून काही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. विचार आल्यावर तिला राग येतो, सुख वाटते, की किळस आणि भीती? तसे करण्याची इच्छा, बेत किंवा पूर्वीचा काही प्रकार आहे का? ती त्या वस्तूंकडे ओढली जाते की त्यांच्यापासून पळते? उत्तरे स्पष्ट होती. इच्छा नाही, बेत नाही, मारकुटेपणाचा इतिहास नाही. भीती, अपराधभाव आणि टाळाटाळ मात्र भरपूर. भावाला तिच्यापासून धोका नव्हता. उलट ती आपला सगळा दिवस त्याचा पहारा करण्यात घालवत होती.

स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हेही सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरते, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, आणि मुलांना बहुधा सुटल्यासारखे वाटते. "मीच नसते तर बाळ सुरक्षित राहिला असता" असा विचार तिला दोन-तीनदा येऊन गेला होता, बेत नव्हता. हे आईवडिलांना सांगायला हवे होते, आणि ते कसे सांगायचे हे आधी तिच्याशी बोलून ठरवले. लक्षणे एका रात्रीत उसळलेली नव्हती, घशाच्या संसर्गानंतर अचानक सुरू झालेली नव्हती आणि तिला टिक्स, म्हणजे अंगाला आपोआप बसणारे झटके किंवा तोंडातून निघणारे आवाज, हेही नव्हते. या बाबी तपासाव्या लागतात, कारण अचानक सुरुवात झालेल्या मुलांची वैद्यकीय तपासणी वेगळ्या अंगाने करावी लागते. मोजपट्टीवर एकूण 40 पैकी तिचे गुण 24 ते 31 या तीव्र पट्ट्यात होते.

प्रश्नोत्तरांचे चक्र

आईवडिलांना काय सांगायचे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. चक्र समजावणे सोपे आहे: विचार येतो, भीती चढते, मुलगी खात्री मागते, आई ती देते, भीती उतरते, आणि भीती खात्रीमुळे उतरली म्हणून मेंदू असे शिकतो, की धोका खरा होता आणि खात्री मागितली म्हणूनच टळला. दुसऱ्या दिवशी तो आणखी पक्की खात्री मागतो. घरचे अशा रीतीने आजाराच्या विधीत सामील होतात, आणि मंत्रचळ असलेल्या मुलांच्या बहुतेक घरांत हे कमीअधिक प्रमाणात घडते.

हे सांगताना पालकांपर्यंत "तुमच्यामुळेच वाढले" असा निरोप सहज पोहोचतो. मुलांच्या मानसिक आजारासाठी आईला जबाबदार धरण्याची या क्षेत्राची जुनी खोड आहे आणि तिची सावली अजून पुरती गेलेली नाही. म्हणून आईला क्रम उलटा करून सांगितला: आजार आधी आला, तिने जे केले ते कोणत्याही आईने रडणाऱ्या मुलासाठी केले असते, इतर बहुतेक भीतींवर धीराचे शब्द हेच औषध असते, आणि नेमक्या या आजारात ते उलटे पडते, हे तिला कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. आई बराच वेळ रडली. मग तिने विचारले, "म्हणजे आता मी उत्तरच द्यायचं नाही?" वडिलांना वाटले आपले म्हणणे खरे ठरले. त्यांनाही सांगावे लागले, की दम देणे हाही त्याच चक्राचा भाग आहे. दमाने मुलीची लाज वाढते, लाजेने भीती वाढते आणि प्रश्न कुजबुजीत जातात. दोघे परस्परांची भरपाई करत होते. वडील जितके कडक होत तितकी आई मऊ होई, आणि आई जितकी मऊ होई तितके वडील कडक. अशा घरांत आईवडिलांपैकी एकाची बाजू घेण्याचा मोह उपचार करणाऱ्यालाही होतो, आणि तो बहुधा आईच्या बाजूने होतो. या कुटुंबात वडिलांना बाहेर ठेवले असते तर पुढचे काम झाले नसते, असे माझे मत आहे.

मुलीसोबतचे काम

मंत्रचळावरचा सर्वांत भरवशाचा मानसोपचार म्हणजे भीतीला सामोरे जाणे आणि त्या वेळी विधी न करणे, म्हणजे ईआरपी. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये 1966 साली दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून या पद्धतीचा पाया पडला. मुलांमध्ये ती वापरताना आधी आजाराला मुलापासून वेगळे काढतात आणि त्याला नाव देतात. मायकेल व्हाइट यांच्या कथनात्मक उपचारातून आलेली ही युक्ती मुलांना चटकन भावते. या मुलीने नाव ठेवले "शंकासुर". त्यानंतर घरातले बोलणे बदलले. "तू पुन्हा सुरू केलंस" याऐवजी "शंकासुर आला का?" असे विचारता येऊ लागले, आणि मुलगी व तिची आई एका बाजूला, शंकासुर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली.

भीतीची उतरंड मुलीने स्वतः लावली. सर्वांत खाली "सुरी" हा शब्द कागदावर लिहिणे. मग कंपासपेटीतले कर्कटक हातात धरणे, ते दप्तरात ठेवणे, भाऊ शेजारच्या खोलीत असताना कात्रीने कागद कापणे, तो त्याच टेबलावर चित्र काढत असताना कापणे, आणि सर्वांत वर, आई घरातल्या दुसऱ्या खोलीत असताना भावाशेजारी बसून भाजी चिरणे. यातली कोणतीही पायरी अशी नव्हती की जी 12 वर्षांचे इतर कोणतेही मूल सहज करत नाही. हा निकष पाळावा लागतो, कारण उपचाराच्या नावाखाली खरोखर धोक्याचे किंवा अपमानास्पद काही करायला लावणे म्हणजे सामोरे जाणे नव्हे. कोणतीही पायरी जबरदस्तीने घेतली नाही, आणि प्रत्येक पायरी आधी उपचार करणाऱ्याने तिच्यासमोर करून दाखवली.

कर्कटकाची पायरी जवळून पाहण्यासारखी आहे. मुलीने ते टेबलावर ठेवले, टोक स्वतःकडे वळवले, मग पुन्हा भिंतीकडे वळवले. "आता शंकासुर काय म्हणतो?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "हातात घेतलंस तर तुझा हात आपोआप चालेल म्हणतो." हे तिचे भाकीत म्हणून वहीत लिहून घेतले. पूर्वी भीती उतरेपर्यंत थांबणे यावर भर असे; मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2014 सालच्या मांडणीनंतर भाकीत खोटे ठरते का हे तपासण्यावर अधिक भर दिला जातो, आणि मुलांना ही तपासणी प्रयोगासारखी वाटते. तिने कर्कटक उचलले. घामाने बोटे ओली झाली. हात चालला नाही. भीती मात्र पूर्ण उतरलीही नाही, आणि ती उतरायलाच हवी असा आग्रह धरला नाही. "हात नाही चालला, पण उद्या चालला तर?" असे ती म्हणाली, तेव्हा "नाही चालणार" असे उत्तर देणे अगदी ओठावर येते. ते दिले असते तर उपचाराच्या खोलीतही आईचे रात्रीचे काम सुरू झाले असते. तिला म्हटले, "शंभर टक्के खात्री मलाही देता येणार नाही, माझ्या हाताचीसुद्धा नाही. तरी आपण दोघेही कर्कटक वापरतो." ती हसली, पण तिला ते आवडले नाही.

आईचे वाक्य

रात्रीच्या प्रश्नांचे काम मुलीसोबत आणि पालकांसोबत समांतर चालले. येल विद्यापीठाच्या बालअभ्यास केंद्रातील एली लेबोविट्झ यांनी पालकांसाठी तयार केलेल्या "स्पेस" या पद्धतीचा येथे आधार घेतला. तिच्यात मुलाला बदलण्याऐवजी पालक स्वतःचे वागणे बदलतात. चिंताविकार असलेल्या 7 ते 14 वर्षांच्या 124 मुलांच्या एका अभ्यासात, जो 2020 साली छापून आला, केवळ पालकांसोबत काम करणे हे मुलासोबतच्या थेट उपचाराइतकेच परिणामकारक ठरले. तो अभ्यास मंत्रचळाचा नव्हता, पण घरच्यांनी विधीतून कसे बाहेर पडावे याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

या पद्धतीत पालकाच्या वाक्याला दोन अंगे लागतात: त्रास खरा आहे याची कबुली, आणि मूल तो पेलू शकते हा भरवसा. एकटी कबुली मुलाला भीतीत बुडवते, एकटा भरवसा मुलाला "तुला काय कळणार" असे वाटायला लावतो. आईने बरेच मसुदे केले. पहिला फारच लांब होता आणि त्यात मधेच "बाळ ठीक आहे" हे शब्द आलेच होते. शेवटी ठरलेले वाक्य असे: "तुला आत्ता खूप भीती वाटतेय, हे मला दिसतंय. या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण तो शंकासुराचा प्रश्न आहे. तू ही भीती झेलू शकतेस, आणि मी इथेच बसलेय." वाक्य मुलीला आधी वाचून दाखवले, तिच्या नकळत काही करायचे नव्हते. एकदम सगळे बंदही केले नाही. पहिल्या आठवड्यात फक्त भावाचा श्वास पाहून येणे थांबवायचे, उत्तरे पूर्वीसारखीच द्यायची, असे ठरले.

पुढे प्रश्नांची उत्तरे थांबली तेव्हा मुलीचा त्रास आधी वाढला. असे होणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवले होते. तरीही प्रत्यक्ष रात्र वेगळी असते. ती ओरडली, उशी भिंतीवर फेकली, आणि "तुला मी मेले तरी चालेल" असे आईला म्हणाली. हे शब्द ऐकल्यावर ठरलेले वाक्य म्हणत बसून राहणे कोणाही आईला जड जावे. शिवाय या मुलीच्या बाबतीत ते नुसते रागाचे बोलणे म्हणून सोडून देता येत नव्हते. त्यासाठी आधीच ठरले होते, की आत्महत्येचा उल्लेख आला तर तो खात्रीच्या प्रश्नासारखा बाजूला सारायचा नाही; तिथे थांबून शांतपणे विचारायचे, ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार करणाऱ्याला फोन करायचा. तसे झाले. बेत नव्हता, राग होता. त्या रात्री वडिलांनी जे केले ते नोंदवण्याजोगे आहे: ते दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, आणि आईला उठवून स्वतः मुलीजवळ बसले. ठरलेले वाक्य त्यांनाही पाठ होते.

दोन आठवड्यांनी रात्रीचे प्रश्न जवळजवळ थांबले, तरी मोजपट्टीवरचे गुण हलेनात. दिवसा मात्र मुलगी शाळेतून आली की थेट आजीच्या खोलीत जात असल्याचे आईच्या बोलण्यात सहज येऊन गेले. उत्तरे आता आजी देत होती. उपचाराची आखणी करताना घरातली मोठी माणसे म्हणजे आईवडील असे आपण धरून चालतो, आणि दुपारी मूल ज्यांच्याजवळ असते त्यांना कोणी काही सांगतच नाही. आजींना भेटीला बोलावले. त्या म्हणाल्या, "पोर रडत येते, मी 'नाही गं बाई' म्हटलं तर काय बिघडतं?" त्यांना चक्र सांगण्याआधी हे सांगितले, की मुलगी त्यांच्याकडे जाते कारण त्या तिला घरातल्या सर्वांत शांत माणूस वाटतात, आणि ती शांती उपचारात हवी आहे. मग ठरले, की प्रश्न आला की आजींनी "हे शंकासुराचं, माझ्याकडे नको" एवढेच म्हणायचे आणि तिला जवळ बसवून घ्यायचे, हवे तर केस विंचरायचे. आजींनी ते फार चांगले निभावले, आईपेक्षाही सहज. त्यांच्या आवाजात अपराधभाव नव्हता.

शाळा

शाळेला किती सांगायचे हे मुलीने ठरवले. तिला चिंतेशी संबंधित आजार आहे, त्यावर उपचार चालू आहेत, काही वस्तूंची भीती हा त्याचा भाग आहे, एवढेच वर्गशिक्षिकेला कळवले. विचारांचा आशय कळवला नाही. कळवला असता तर उपयोग काहीच नव्हता आणि गैरसमजाचा धोका मोठा होता. कंपासपेटीची सूट कायमची न मागता, तिच्या उतरंडीवर ती पायरी येईपर्यंत मागितली, आणि कापलेल्या गुणांचा विषय शिक्षिकेने स्वतःहून मिटवला.

औषधाचा प्रश्न

लक्षणे तीव्र असल्याने बालमनोविकारतज्ज्ञांनी सुरुवातीलाच मानसोपचाराच्या जोडीला औषध सुचवले होते. आईवडिलांनी नकार दिला: मेंदूवर परिणाम होईल, सवय लागेल, पुढे कोणाला कळले तर काय. अशा नकाराला अडाणीपणा समजून हिणवणे किंवा तो निमूटपणे मान्य करून विषय बंद करणे, या दोन्ही वाटा सोप्या आहेत. तज्ज्ञांनी तिसरी धरली आणि आकडे समोर ठेवले. पॉट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 ते 17 वर्षांच्या 112 मुलांना 12 आठवडे उपचार दिले गेले. आजार जवळजवळ नाहीसा होण्याचे प्रमाण मानसोपचार आणि सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी प्रकारातले औषध एकत्र दिलेल्या गटात सुमारे 54 टक्के, केवळ मानसोपचाराने 39, केवळ सर्ट्रालिनने 21 आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने 4 टक्क्यांच्या आसपास होते. दुसरी बाजूही सांगितली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 सालीच या प्रकारच्या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले, कारण मुलांवरील चाचण्या एकत्र पाहता आत्महत्येचे विचार किंवा तसे वागणे औषध घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के आढळले होते. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना जवळून लक्ष ठेवावे लागते, आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात.

आईवडिलांनी काही आठवडे थांबून पाहायचे ठरवले. आजींचा भाग सुटल्यावर सुधारणा सुरू झाली, पण उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांवर मुलगी अडली, दोनदा टेबलावरून उठून गेली, आणि मग तिनेच विचारले, "गोळीने थोडं सोपं होईल का?" मुलांना आपल्या औषधाविषयी मत असते, आणि ते विचारले जात नाही असे पुष्कळदा होते. सर्ट्रालिन कमी डोसवर सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पोटात ढवळणे आणि थोडी अस्वस्थता एवढाच त्रास झाला. आत्महत्येच्या विचारांविषयी दर आठवड्याला विचारले जात होते, आणि एव्हाना तिला त्याचे काही वाटेनासे झाले होते.

सध्याची स्थिती

मोजपट्टीवरचे गुण आता 8 ते 15 या सौम्य पट्ट्यात आहेत. ते चित्र अजून मनात येते, विशेषतः परीक्षेच्या आणि आजारपणाच्या दिवसांत; ते येणारच नाही असे तिला कोणी सांगितलेले नाही. सुऱ्या खालच्या खणात परत आल्या आहेत. भाजी चिरण्याची पायरी झाली, भाऊ मधेच उठून निघून गेल्यामुळे ती तीनदा करावी लागली. भावाकडे या सगळ्या काळात फारसे कोणाचे लक्ष नव्हते, हे उशिरा ध्यानात आले. ताई माझ्याशी का खेळत नाही, असे तो आजीला विचारत असे. त्याच्यासाठी वेगळा उपचार लागला नाही. ताईला एक आजार झाला होता, तू काही केले नव्हतेस, एवढे त्याला त्याच्या भाषेत सांगितले.

आई मात्र अजून पूर्ण सावरलेली नाही. मुलगी झोपली तरी ती मध्यरात्रीपर्यंत जागी असते आणि मुलीच्या खोलीतून आवाज येतो का हे ऐकत राहते. तिच्यासाठी स्वतंत्र भेटी ठेवल्या आहेत, आणि त्या मुलीच्या फाइलमध्ये न धरता तिच्या स्वतःच्या नावाने ठेवल्या आहेत. वडील अधूनमधून "मग आता पूर्ण बरी झाली ना?" असे विचारतात, या प्रश्नाला काय उत्तर मिळते ते त्यांना आता ठाऊक आहे, तरी विचारतात. लक्षणे आटोक्यात आल्यावरही औषध 6 ते 12 महिने चालू ठेवायचे, आणि नंतर परीक्षा नसलेल्या काळात हळूहळू कमी करायचे असे ठरले आहे. लक्षणांनी उचल खाल्ली तर घरच्यांनी प्रथम काय ओळखायचे आणि कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून दिले आहे, आणि त्या कागदावरच्या नावांत या वेळी आजींचे नावही आहे.